गाव नगरपंचायत झालं, कोंबड्यांचं काय?

धानाची मळणी आटोपली की गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात घरोघरच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, कोंबड्यांना सुगीचे दिवस येतात. सांडलेले दाणे, तणसातले किडे, उकिरड्यातल्या अळ्या असे सगळे टिपत त्या दिवसभर हिंडतात आणि दिवेलागणीला खुराड्यात शिरतात. पाहुणा आला तर कोंबडी, देवाला कबूल केली तर कोंबडी, पोराच्या वह्यांना पैसे कमी पडले तरी कोंबडीच. गोंड, माडिया, तेली, कुणबी कोणाच्याही घरी हा हिशेब सारखाच असतो. 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन या भागात वसलेल्या बंगाली कुटुंबांच्या अंगणातही तो वेगळा नाही.

पण गेल्या काही वर्षांत या सांदवाडीत एक नवा प्रश्न आला आहे. 'आपलं गाव आता ग्रामपंचायत राहिलं नाही, नगरपंचायत झालं. मग कोंबड्या पाळायला परवानगी लागते का? शेजाऱ्याने तक्रार केली तर कोंबड्या उचलून नेतील का?'

थोडक्यात उत्तर असे: कोंबडी पाळणे हा गुन्हा नाही. तिच्यापासून दुसऱ्याला होणारा त्रास मात्र गुन्हा ठरू शकतो. या दोन वाक्यांमधली जागा नीट समजली तर घाबरण्याचे कारण उरत नाही आणि बेफिकीर राहण्याची सोयही उरत नाही. ती जागा आपण पायरीपायरीने पाहू.

1. नगरपंचायत म्हणजे शहर का?

महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय झाला आणि 2015 च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्याचे रूप पालटले. मुलचेरा, अहेरी, चामोर्शी, धानोरा, एटापल्ली, सिरोंचा, भामरागड, कुरखेडा, कोरची या गावांत सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले आणि 17 प्रभागांतून 17 नगरसेवक निवडून जाऊ लागले. घरे तीच, वाड्या त्याच आणि कोंबड्याही त्याच राहिल्या. कायदा मात्र बदलला. पूर्वी 1958 चा ग्रामपंचायतींचा कायदा लागू होता. आता महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 लागू झाला.

म्हणून गाव एका रात्रीत शहर झाले का? याचे उत्तर राज्यघटनेतच आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांचे तीन प्रकार केले. मोठ्या शहराला महानगरपालिका, लहान शहराला नगरपरिषद आणि गावातून शहराकडे निघालेल्या, अजून वाटेतच असलेल्या वस्तीला नगरपंचायत. घटनेच्या दृष्टीने नगरपंचायत हा संक्रमणातला प्रदेश आहे. बैलगाडी सोडली, पण बस अजून आली नाही, अशा थांब्यावर उभे असलेले गाव म्हणजे नगरपंचायत.

या थांब्यावरच्या गावाला मुंबई-पुण्याचा नियम जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे. 'आम्ही खेडेच आहोत, आम्हाला नियम कशाला' हे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. कोंबड्यांचा नियमही असाच वाटेतल्या गावाला शोभेल असा असायला हवा.

2. नियमाच्या तीन चाळण्या

तांदूळ साफ करताना आपण आधी मोठ्या भोकांची चाळणी घेतो, मग मध्यम, मग बारीक. पहिलीत काटक्या अडकतात, दुसरीत खडे अडकतात आणि तिसरीतून कणी खाली पडते. एखादी गोष्ट चालते की नाही हे ठरवताना कायदाही अशाच तीन चाळण्या वापरतो.

पहिली चाळणी केंद्राच्या कायद्यांची. तिच्यात कोंबडी पाळण्यावर बंदी नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये, साथीचा रोग लपवू नये, सार्वजनिक उपद्रव करू नये अशा अटी आहेत. पोल्ट्री फार्मसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण त्यांतली मोजणी 5,000 पक्ष्यांपासून सुरू होते. तुमच्या दहा कोंबड्या त्या हिशेबात येत नाहीत.

दुसरी चाळणी राज्याची. शहरात गाई-म्हशी ठेवण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा 1976 चा कायदा आहे. त्यामुळे 'शहरात जनावरे पाळायला परवाना लागतो' हे वाक्य लोकांच्या कानावरून गेलेले असते. पण तो कायदा गुरांचा आहे, कोंबड्यांचा नव्हे. 1965 चा अधिनियम नगरपंचायतीवर स्वच्छतेची आणि लोकांच्या आरोग्याला घातक गोष्टी दूर करण्याची जबाबदारी टाकतो. कोंबड्यांचा विषय तिथे येतो तो या वाटेने, म्हणजे घाण आणि आरोग्य या बाजूने.

तिसरी आणि सर्वांत बारीक चाळणी उपविधींची. गावाने कायद्याच्या चौकटीत राहून स्वतःसाठी केलेला नियम म्हणजे उपविधी. सोसायटीचे पोटनियम असतात, बचत गटाचे ठराव असतात, तसेच हे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांना सोपवता येतील असे 18 विषय दिले आहेत. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा त्यांतला एक विषय आहे. कोंडवाडे आणि प्राण्यांशी होणारी क्रूरता रोखणे हाही एक आहे. त्यामुळे खुराडे किती अंतरावर असावे, घाण कशी हाताळावी हे ठरवण्याची योग्य जागा नगरपंचायतीचे सभागृह हीच आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे विचारणे. नगरपंचायतीच्या कार्यालयात जाऊन 'पाळीव पक्ष्यांबाबत काही उपविधी किंवा ठराव आहे का' असे लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 आहे. साधा अर्ज, 10 रुपये शुल्क आणि 30 दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्कही लागत नाही. हातात कागद असला की 'नियम असा आहे' आणि 'लोक असं म्हणतात' यांतला फरक दिसतो.

पक्के बांधकाम करून शेड उभारायची असेल तर बांधकाम परवानगीचा प्रश्न वेगळा आहे, तोही त्याच भेटीत विचारून घ्यावा. बांबूच्या ताट्यांचे, उचलून हलवता येईल असे खुराडे करणे त्यापेक्षा सोपे असते.

3. 'उपद्रव' कशाला म्हणायचे?

उपविधी असो वा नसो, एक नियम सगळीकडे लागू असतो. तो म्हणजे उपद्रवाचा. आपल्या जागेत आपण काय करतो हा आपला प्रश्न. पण त्याचा धूर, वास, आवाज, घाण किंवा रोग कुंपण ओलांडून लोकांना इजा, धोका किंवा त्रास देऊ लागला की तो लोकांचा प्रश्न होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे आणि कलम 292 मध्ये त्यासाठी 1,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

दंडापेक्षा महत्त्वाची तरतूद दुसरीकडे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 नुसार कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांसारखे अधिकारी, उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. हा आदेश आधी सशर्त असतो: अमुक दिवसांत हे करा, नाहीतर येऊन तुमचे म्हणणे मांडा. बाजू न ऐकताच कोणी कोंबड्या उचलून नेत नाही.

हे प्रत्यक्षात कसे होते ते 2025 च्या फेब्रुवारीत केरळात दिसले. पत्तनंतिट्टा जिल्ह्यातल्या अदूर भागात एका वृद्ध गृहस्थांनी तक्रार केली की शेजारचा कोंबडा पहाटे तीनपासून आरवतो आणि झोप लागत नाही. महसूल विभागीय अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि जागा पाहिली. शेजाऱ्याचे खुराडे घराच्या वरच्या मजल्यावर होते, त्यामुळे आवाज थेट तक्रारदाराच्या घरात जात होता. आदेश झाला की खुराडे तिथून काढून 14 दिवसांत जागेच्या दक्षिण बाजूला न्यावे. कोंबडा विकण्याचा किंवा कापण्याचा आदेश झाला नाही. बदलायची होती ती खुराड्याची जागा.

हे नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. उपद्रवाच्या तक्रारीत कोंबडी दोषी नसते. ती कुठे ठेवली, कशी ठेवली आणि किती ठेवल्या, हे पाहिले जाते.

4. कोंबड्याची बांग आणि डेसिबलचे गणित

सर्वांत जास्त वाद होतो तो बांगेवरून. कोंबडा उजाडल्यावरच आरवतो हा समज अर्धवट आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या ठराविक वेळेला आरवतात. त्यांच्या शरीरातच घड्याळ असते आणि ते उजेडाच्या आधीच त्यांना जागे करते. त्यामुळे खुराड्यावर गोणपाट टाकून बांग थोडी उशिरा होईल, थोडी दबेल, पण बंद होणार नाही.

मग आवाजाचा नियम काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. कोंबडा आरवतो तो नेमका या शेवटच्या दोन-तीन तासांत.

एक छोटे गणित करून पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. कोंबड्याजवळ एक मीटरवर आवाज 90 डेसिबल धरला तर 2 मीटरवर 84, 4 मीटरवर 78, 8 मीटरवर 72 आणि 16 मीटरवर 66 होतो. म्हणजे 16 मीटरवरच्या शेजाऱ्याच्या खिडकीतही बांग 45 च्या बरीच वर आहे. मग प्रत्येक कोंबडा कायदा मोडतो का?

नाही. कारण ही मर्यादा एका क्षणाची नसते, सबंध काळाच्या सरासरीची असते. रात्रीचे 8 तास म्हणजे 28,800 सेकंद. दोन सेकंदांची एक अशा 30 बांगा झाल्या तर फक्त 60 सेकंद आवाज झाला, बाकी शांतता. या हिशेबाने रात्रीची सरासरी 39 डेसिबलच्या आसपास येते, मर्यादेच्या आतच.

पण झोपलेल्या माणसाला सरासरी ऐकू येत नाही, बांग ऐकू येते. म्हणून नुसते मापयंत्र हा वाद सोडवत नाही. खुराडे शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीपासून दूर नेले, मध्ये भिंत किंवा दाट झाडी आली, दोनाऐवजी एकच कोंबडा ठेवला, तर वाद बहुधा तिथेच मिटतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: कोंबडा नसेल तर कोंबड्या अंडी देतील का? देतात. तलंग मोठी झाली की कोंबडा असो वा नसो, अंडी देऊ लागते. मात्र त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. म्हणूनच न्यूयॉर्कसारख्या शहरात कोंबड्या पाळायला मुभा आहे आणि कोंबडा पाळायला मनाई आहे. मुलचेऱ्याला हा नियम चालणार नाही. इथली गावठी कोंबडी खुडूक बसते, 21 दिवस अंडी उबवते आणि पिल्ले घेऊन बाहेर पडते. घरची कोंबडी घरातच वाढते, विकत आणावी लागत नाही, हेच तिचे मोल आहे. त्यासाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दुसरा ठेवला तर झुंज आणि आवाज दोन्ही वाढतात.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण फ्रान्सचे. ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध, सुट्टी घालवण्यासाठी तिथे घर घेतलेल्या शेजाऱ्यांनी खटला भरला. 2019 मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. 2021 मध्ये तर ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा जपण्यासारखा वारसा आहे, असे मानणारा कायदाच तिथे झाला. एका टोकाला न्यूयॉर्क, दुसऱ्या टोकाला फ्रान्सचे खेडे. वाटेतल्या गावाने या दोन्हींच्या मधली वाट धरायला हवी.

5. किती कोंबड्या म्हणजे 'घरच्यापुरत्या'?

'थोड्याच तर आहेत' हे पाळणाऱ्याचे म्हणणे आणि 'किती भरल्यात' हे शेजाऱ्याचे. दोघांचाही निवाडा आकड्यांनी होतो.

आधी गरज पाहू. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 अंडी देते असे धरा. पाच कोंबड्यांची 300 अंडी झाली. त्यांतली काही उबवायला ठेवली तरी आठवड्याला चार-पाच अंडी घरातल्या मुलांच्या ताटात पडतात. जिथे कुपोषण हा जुना प्रश्न आहे, त्या जिल्ह्यात हे लहान काम नाही.

आता जागा पाहू. रात्रीच्या निवाऱ्यासाठी प्रत्येक कोंबडीला दोन चौरस फूट धरले तर कोंबडी मोकळेपणी बसू शकते. दहा कोंबड्यांना 20 चौरस फूट, म्हणजे पाच फूट बाय चार फूट, साधारण एका बाजेएवढी जागा. यापेक्षा दाटी केली की ओल, वास, रोग आणि एकमेकींना टोचणे सुरू होते.

मग विष्ठा. एक गावठी कोंबडी दिवसाला सुमारे 100 ग्रॅम विष्ठा टाकते असे धरू. दहा कोंबड्यांची एक किलो, महिन्याला 30 किलो. ती ओली राहिली तर माशा आणि वास. कोरडी झाली तर उत्तम खत. फरक फक्त ओलीचा आहे. खुराड्यात धानाच्या भुशाचा चार बोटे थर द्यावा, आठवड्यातून दोनदा तो खालीवर करावा, ओला झालेला भाग काढून खड्ड्यात टाकावा आणि वर माती पसरावी. पोल्ट्रीवाले यालाच गादी पद्धत म्हणतात. भाताच्या मुलखात भुसा विकत घ्यावा लागत नाही. सहा महिन्यांत वांगी-टोमॅटोच्या वाफ्याला पुरेल इतके खत तयार होते.

पंधरा-वीस कोंबड्यांपर्यंत हे घरच्या माणसांना रोज जमते. संख्या शंभरावर गेली की विष्ठा दिवसाला दहा किलो होते आणि सांदवाडी तिला पुरत नाही. त्या टप्प्यावर घरची पाळणूक संपून धंदा सुरू होतो. धंद्याची जागा वस्तीबाहेर असावी.

6. मानमोडी, बर्ड फ्लू आणि सांगण्याची जबाबदारी

आवाज आणि वास शेजाऱ्यापर्यंत जातात. रोग गावभर जातो. म्हणून या बाबतीत कायदा सर्वांत कडक आहे.

आपल्याकडे कोंबड्यांना सर्वांत जास्त मारणारा रोग म्हणजे मानमोडी, पुस्तकी नाव राणीखेत. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट हगवण लागते, तोंडाने श्वास घेते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. या रोगावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब आणि सुमारे आठ आठवड्यांनी आर-टू-बी लशीचे इंजेक्शन हा नेहमीचा क्रम. मधला बूस्टर कधी द्यायचा ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. लशीची एक बाटली शंभर किंवा जास्त कोंबड्यांची असते आणि उघडली की लगेच संपवावी लागते. एकट्या घराला ती परवडत नाही. चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवला तर सगळी गल्ली सुरक्षित होते. म्हणजे लस देण्यासाठीही शेजाऱ्यांशी संबंध चांगले असावे लागतात.

दुसरा रोग बर्ड फ्लू. भारतातला त्याचा पहिला उद्रेक 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आणि पुन्हा नवापूरला हा रोग आला. उद्रेक झाला की एक किलोमीटरचा परिसर बाधित ठरतो आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. बाधित परिसरातल्या निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याही मारल्या जातात. त्या पक्ष्यांची भरपाई सरकार देते, पण रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. त्यामुळे रोग लपवण्यात पाळणाऱ्याचाच तोटा आहे. जितके लवकर कळवाल, तितके कमी गमवाल.

प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 नुसार अशा रोगाची शंका आली तरी कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या तर दवाखान्यात सांगा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. मेलेली कोंबडी नाल्यात, तळ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. तोंडाला फडके बांधा, हातात प्लास्टिकची पिशवी घाला, खोल खड्डा करून चुना टाका आणि पुरा. 'मरायच्या आत कापून विकू' हा विचार तर सर्वांत धोकादायक. निरोगी कोंबडी आणि अंडी मात्र 70 अंशांच्या वर नीट शिजवून खायला हरकत नाही. एवढ्या तापात हा विषाणू टिकत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून एक कोंबडी पाळणाऱ्यालाही सरकारकडे नोंद करावी लागते. ही नोंद परवाना नाही. साथ आली तर कोणाला कळवायचे, याची ती यादी आहे. आपल्याकडे अशी यादी प्रभागातल्या आशाताई आणि पशुसखी चार दिवसांत करतील.

7. जंगल दाराशी असताना

मुलचेऱ्याच्या कोंबड्यांना पुण्यातल्या कोंबड्यांपेक्षा एक जास्तीचा शेजारी आहे, तो म्हणजे जंगल. मुंगूस, रानमांजर, साप आणि कधी बिबट्या. उघड्यावर झोपलेली कोंबडी हे त्यांना दिलेले आमंत्रणच. बिबट्या एकदा वस्तीत खाऊन गेला की पुन्हा येतो, आणि पुढच्या वेळी समोर कोंबडीच असेल याची खात्री नसते. म्हणून अंधार पडायच्या आत खुराडे बंद करणे हा इथे लिखित-अलिखित पहिला नियम असायला हवा. जमिनीपासून दोन फूट उंच, खालून फळी, चहूबाजूंनी बारीक जाळी आणि आत-बाहेर दोन कड्या. कुंपणाला वीज सोडणे किंवा फासे लावणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मरतात.

त्याच कायद्याने रानकोंबडीला संरक्षण आहे. आपल्या कोंबडीची मूळ आजी ही लाल रानकोंबडीच. तरीही रानातली अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवणे किंवा रानकोंबडा पकडून घरी पाळणे कायद्याने चालत नाही.

रोगाची देवघेव दोन्ही बाजूंनी होते. 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. ते चंद्रपूर जिल्ह्यातून तिथे हलवलेले होते. कोंबड्यांचा विषाणू वाघापर्यंत पोहोचू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले. चपराळा अभयारण्याच्या परिसरात राहणाऱ्यांनी मेलेली कोंबडी जंगलाच्या कडेला का टाकू नये, याचे याहून स्पष्ट कारण दुसरे नाही.

8. पाळणे वेगळे, झुंजवणे वेगळे

गडचिरोली आणि चंद्रपूर या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोंबडबाजार भरतात. कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार पाते, बांधून झुंज लावायची आणि त्यावर पैसे लावायचे. याला कोणी परंपरा म्हणतात, पण कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम प्राण्यांना करमणुकीसाठी झुंजवण्याला गुन्हा मानतो. 2014 च्या मे महिन्यातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या झुंजी थांबवण्याचे कर्तव्य सरकारांवर टाकले. पैजेसाठी 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदाही आहे. 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा 10 ते 50 रुपये आहे, पण जुगाराचा गुन्हा, जप्त झालेल्या मोटारसायकली आणि कोर्टाच्या खेपा यांत घर बुडते. त्याच कायद्याने, हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात पक्षी कोंडणे हाही गुन्हा आहे. आठवडी बाजारात पाय बांधून उलट्या लटकवून नेलेल्या कोंबड्या पाहिल्या की ही गोष्ट आपण किती सहज विसरतो ते कळते.

9. मुलचेऱ्याला शोभेल असा उपविधी

नगरपंचायतीला उपविधी करताना मसुदा लोकांसमोर ठेवावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात आणि मग मंजुरी घ्यावी लागते. त्या टप्प्यावर तुमचा आवाज कामाला येतो. आतापर्यंतच्या मुद्द्यांवरून माझ्या मते असा उपविधी सात ओळींत मावतो:

1. घरच्यापुरत्या, म्हणजे 20 पर्यंत कोंबड्या किंवा बदके पाळायला परवानगी आणि शुल्क नसावे.
2. दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असावा.
3. खुराडे शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीपासून आणि विहीर, हातपंप यांपासून दूर असावे. अंतर प्रभागातल्या जागा पाहून ठरवावे.
4. दिवेलागणीनंतर खुराडे बंद असावे.
5. विष्ठा कोरडी ठेवून खतखड्ड्यात टाकावी, नालीत टाकू नये.
6. लसीकरणाचा दिवस प्रभागवार ठरवावा आणि पाळणाऱ्यांची साधी यादी ठेवावी.
7. तक्रार आली तर आधी सात दिवसांची समज द्यावी आणि जागा बदलून पाहावी. दंड शेवटी करावा.

यांतल्या एकाही ओळीला मोठा खर्च नाही. बांबू इथे आहे, भुसा इथे आहे आणि राखण करणारी आजीही घरात आहे.

गाव शहर होताना रस्ते येतात, नाल्या येतात, दिवे येतात आणि ते यायलाच हवेत. पण शहर होणे म्हणजे सांदवाडी रिकामी करणे नव्हे. उद्या सकाळी कोंबड्यांना दाणे टाकाल तेव्हा कुंपणाच्या पलीकडे एकदा बघा आणि शेजाऱ्याला विचारा, 'आमच्या कोंबड्यांचा तुम्हाला काही त्रास होतो का?' आणि त्याच आठवड्यात नगरपंचायतीत जाऊन उपविधीची प्रत मागा.